खांबामागचं टेबल

घरातल्या ऑफिसात मला झोप यायची. डुलकी नव्हे, चांगली तोंड उघडं टाकून झोप.

ते ऑफिस नवऱ्याने हौसेने सजवलं होतं. आदल्या वर्षी त्याची इथली, अमेरिकेतली नोकरी गेली, तो माझ्या व्हिसावर आला आणि रिकाम्या वेळात व्हिडिओ बघायला लागला. कामाची जागा कशी असावी यावर इतके व्हिडिओ आहेत की ते बघणाऱ्याला काम करायला वेळ उरू नये. ते बघून त्याने मागच्या बेडरूमच्या भिंती फिकट हिरव्या केल्या, कारण हिरव्याने म्हणे डोकं शांत राहतं. बटण दाबलं की वर जाणारं टेबल आणलं, कंबरेला आधार देणारी खुर्ची आणली, कोपऱ्यात एक रुंद पानांचं झाड आणून ठेवलं. डोकं खरंच शांत झालं. इतकं की त्यात कामाचा एक विचार शिरेना. टेबल वर असलं की मी उभ्याने पेंगायचे, खाली असलं की बसून. बाहेर रेडमंडचा पाऊस, आत हिरव्या भिंती. म्हशीसारखी डुंबत होते मी त्या खोलीत.

याचं फळ हिवाळ्यात मिळालं. माझा मॅनेजर तिशीतला गोड पोरगा होता. त्याने अतिशय गोड आवाजात मला ‘पिप’वर टाकलं. ज्यांना हा शब्द भेटला नाही ते भाग्यवान. नोकरीवरून काढण्याआधी इथे माणसाला सुधारायची एक संधी देतात, म्हणजे नंतर कुणी रडायला नको. आमच्या जुन्या प्रणालीतली सगळ्या ग्राहकांची माहिती एकही गोष्ट न सांडता नव्या प्रणालीत नेणारा प्रोग्राम मी लिहीत होते. लिहीत होते म्हणजे महिनोन् महिने लिहायचा ठेवला होता. तो वसंत संपायच्या आत चालता झाला तर मी राहणार होते, नाहीतर नाही. आणि मी नाही म्हणजे माझा व्हिसा नाही, व्हिसा नाही म्हणजे तिघांनीही बॅगा भरायच्या. मुलगी दहावीत होती. तिला एकदा सहज चाचपून बघितलं तर म्हणाली, “आई, मिरज इज अ व्हेकेशन. नोबडी लिव्ह्ज देअर.” मी मिरजेची. माझी सगळी माणसं तिथेच राहतात. पण तिला हे सांगायचा धीर झाला नाही, कारण मी घाबरले होते.

त्याच सुमारास कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. आमची कंपनी काही इथली ती जगभर ठाऊक असलेली मोठी नव्हे, मोठ्यांच्या सावलीत वाढलेली मधल्या आकाराची. पण सोंगं सगळी मोठ्यांची. नवी इमारत घेतली होती आणि कुणीतरी सल्लागार आणून आत जे काही केलं होतं ते बघून मी दारातच थबकले. झोपाळा होता. मोठ्या माणसांसाठी, खराखुरा. आत बसलं की परत उठता न येणाऱ्या मऊ गाद्या होत्या. आणि दोन मजले उंच एक भिंत होती, तिच्यावर जिवंत शेवाळं वाढवलेलं. माझं सगळं लहानपण न्हाणीतल्या दगडावरचं शेवाळं विटेने खरवडण्यात गेलं. इथे त्याला पाणी घालायला वेगळा माणूस यायचा. त्याच्याकडे बघितलं की कल्पना सुचतात, असं शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं.

कुणालाही स्वतःचं टेबल मात्र नव्हतं. रोज सकाळी फोनवर टेबल बुक करायचं, संध्याकाळी मोकळं करून जायचं. जागा बदलली की माणसं एकमेकांशी बोलतात आणि नवीन काहीतरी घडतं, असं त्या सल्लागाराचं मत. माणसं बोलायची खरी, पण एवढंच, “हे टेबल माझं आहे बहुतेक.” मला शेवाळ्यासमोरचं टेबल मिळालं त्या दिवशी मी शेवाळं बघत बसले. झोपाळ्याजवळचं मिळालं त्या दिवशी झोपाळ्यावर कोण बसतंय ते बघितलं. चौकशांची हौस मला जन्मजात, तिला तिथे सणच होता. प्रोग्राम जिथल्या तिथे.

आणि मग एके दिवशी प्रिंटर शोधताना मला ते टेबल सापडलं. शेवाळ्याच्या भिंतीच्या मागे, एका जाड खांबाआड, सफाईच्या सामानाच्या खोलीला लागून. इमारत सजवताना जुन्यातलं एक टेबल हलवायचं राहून गेलं असावं. एक पाय डुगडुगणारा, समोर कोरी भिंत, डोक्यावर गुणगुणणारी ट्यूब, शेजारी बर्फाचं मशीन, ते मधूनच खडखड करून बर्फ टाकायचं. खिडकी नाही, झाड नाही, कल्पना सुचवणारं काही नाही. फोनच्या यादीत ते टेबल नव्हतंच, त्यामुळे कुणाला बुक करता येत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी चालत नव्हे, पळत गेले.

टेबलाच्या बरोबर मध्यावर एक रुमाल होता. पांढरा, निळ्या काठाचा, पुरुषी, चौघडी घातलेला.

जगातल्या कुठल्याही माणसाने म्हटलं असतं, कुणाचा तरी रुमाल राहिलाय. माझ्या मात्र पायांना आपोआप ब्रेक लागला. मी मिरज स्टँडवर वाढलेली बाई. एसटी लागली की खिडकीतून आत रुमाल टाकायचा आणि मग निवांत दारातून चढायचं, हे मी बोलायच्या आधी शिकले असेन. रुमाल पडला की ती जागा धरलेली. तिथे बसणारा माणूस निर्लज्ज समजला जातो आणि त्याला तसं तोंडावर सांगितलंही जातं. रेडमंडमध्ये, शेवाळ्याच्या भिंतीमागे, कुणीतरी जागा धरली होती. हे कुणीतरी आपल्यातलंच असणार, याबद्दल मला तीळभर शंका नव्हती.

मी जवळच्या एका गादीत रुतून दबा धरला. सगळी सकाळ गेली, कुणी फिरकेना. दुपारी एकदाचे आले. साठीच्या अलीकडचे, केस काळेभोर केलेले, मिशी रंगवायची विसरलेले, हातात पाण्याची बाटली. मी गादीतून कशीबशी सुटले आणि सरळ मराठीत विचारलं, “हा रुमाल तुमचा का हो?”

ते दचकले. मग टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “तू बसली नाहीस?”

“रुमाल होता ना.”

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला माझा राग क्षणभर आवरावा लागला. “अगं, इतके दिवस टाकून राहिलो इथे रुमाल, आज पहिल्यांदा कुणी मानला. हे लोक उचलून सरळ कचऱ्यात टाकतात. दोन रुमाल गेले माझे.”

“काका, पण सकाळपासून जागा रिकामी आहे. रुमाल बसलाय आणि माणूस फिरतोय, याला काय अर्थ?”

“काका नको म्हणू,” ते एकदम आवाज खाली आणून म्हणाले. “इथे वय कळलं की संपलं.” पण मला दुसरं काही म्हणता येईना आणि त्यांनीही पुढे ते मनावर घेतलं नाही.

ते मूळचे नागपूरचे, दुसऱ्या विभागात. सकाळभर त्यांच्या भारतातल्या टीमशी मीटिंगा चालायच्या, त्या बोलायच्या बंद खोलीतून. दुपारनंतर त्यांना काम करायला ही एकच जागा चालायची. “बाकी ठिकाणी मला बगिच्यात आल्यासारखं वाटते,” म्हणाले. मी माझं पिप त्यांना तिथल्या तिथे सांगून टाकलं. का ते ठाऊक नाही. नवऱ्यालाही मी अर्धंच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं, रुमाल उचलून खिशात घातला आणि म्हणाले, “सकाळ तुझी. बारा वाजले की उठायचं. मी थांबत नसतो.”

आणि खरंच थांबत नसत. म्हणजे थांबत, पण माझ्या खुर्चीच्या पाठीमागे उभं राहून. गर्दीच्या हॉटेलात जेवणाऱ्याच्या मागे जसं लोक उभे राहतात, डोळे त्याच्या ताटावर, तसे हे. बाराच्या जरा आधीच यायचे, खांद्याला बॅग, आणि एकदा खाकरायचे. मी वळून बघायचे नाही. पण मानेला कळायचं. आता हे वाक्य पुरं करायचं, हे कोडं आत्ताच सोडवायचं, कारण आता उठावं लागणार. सकाळी बसतानाच मला त्या खाकरण्याची धास्ती असायची. चौकशा बंद, चहाच्या फेऱ्या बंद. बर्फाचं मशीन खडखडायचं, ट्यूब गुणगुणायची आणि मी मान खाली घालून कीबोर्ड बडवत सुटायचे.

“झालं का?”

“एक मिनिट, काका.”

“ते एक मिनिट तुला काल पण पाहिजे होतं. उठ.”

उठताना मी चिडलेली असायचे आणि त्या चिडीतच दुसऱ्या दिवशी परत बसायचे. काही आठवड्यांत प्रोग्राम अर्ध्यावर आला. मॅनेजर म्हणाला, नवीन जागा मानवलेली दिसते. मी म्हटलं, हो, शेवाळं फार छान आहे. मी मुलीला शाळेत सोडताना गाणी वगैरे म्हणायला लागले, ती कानात इयरफोन घालून बसायची.

एका मंगळवारी बारा वाजून गेले आणि मागे कुणी आलं नाही. मी सवयीने उठून उभीही राहिले. दुपारी कळलं की त्यांच्या विभागातली बरीच माणसं सकाळी कमी केली. मी फोन केला. “पासवर्ड घेईना,” ते म्हणाले. “मला वाटलं मीच विसरलो. तीनदा टाकला गं.” या लोकांनी निदान माणसाला आधी सांगावं आणि मग दार लावावं. मला तेव्हा जो संताप आला तो अजून आहे.

आता टेबल दिवसभर माझं झालं. सबंध टेबल, सबंध दिवस. आणि काम बंद पडलं.

आधी मी म्हटलं, दुःख झालंय, होईल सुरू. नाही झालं. सकाळी वाटायचं दुपार आहे, दुपारी वाटायचं उद्याचा दिवस आहे. फोनवर गजर लावून बघितला. गजराला मी भीत नाही. त्याला पाय नाहीत, तो मागे येऊन उभा राहत नाही. मग मी हळूहळू परत सगळ्यांच्या चौकशा करायला लागले, आणि त्याच डुगडुगत्या टेबलावर, त्याच ट्यूबखाली, एक दिवस मला झोप लागली. बर्फाच्या खडखडीने जागी झाले तेव्हा हात गार पडले होते. वसंत अर्धा सरला होता. इतके दिवस मी त्या कुरूप कोपऱ्याचे गोडवे गात होते, घरी नवऱ्याला हिरव्या भिंतींवरून टोमणे मारत होते. टेबलाचा त्यात काही संबंध नव्हता. खांबामागे मला जे मिळालं होतं ते काकांचं खाकरणं होतं.

शनिवारी मी अळूवड्या घेऊन त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं आणि डोळ्यांनीच आत खूण केली. काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पट्टा लावून, समोर लॅपटॉप. पडद्यावर त्यांची माहिती, नोकरीसाठी पाठवायची, वरच्या चार ओळींवर थांबलेली.

“कॉलेजचं वर्ष काढून टाकलं,” ते म्हणाले. “वय कळायला नको. मग पहिल्या दोन नोकऱ्या पण काढाव्या लागल्या. आता माणूसच उरून नाही राहिला त्यात.” हसले. मला नाही हसू आलं.

मी आयुष्यात इतकी विचित्र विनंती कुणाला केलेली नाही. म्हटलं, “काका, माझ्या मागे उभे राहाल का?”

“काय?”

“दुपारी बाराला. येऊन उभं राहायचं, खाकरायचं, मला उठवायचं. माझी नोकरी जाईल हो नाहीतर.”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “न्या बाई यांना. दिवसभर इथे बसून माझ्या डाळीत चुका काढतात.”

इमारतीत तर त्यांना आता कुणी सोडलं नसतं. म्हणून आम्ही गावातलं सार्वजनिक वाचनालय धरलं. मॅनेजरला सांगितलं की मला एकाग्रतेसाठी काही दिवस बाहेर बसायचंय. ‘एकाग्रता’ हा शब्द इंग्रजीत म्हटला की तो कशालाही हो म्हणतो. वाचनालयात खिडक्यांशी सुंदर आरामखुर्च्या आहेत, झाडं दिसतात. आम्ही प्रसाधनगृहाच्या वाटेवरचं, झेरॉक्स मशीनशेजारचं एकट्या खुर्चीचं टेबल निवडलं. तिथे दुसरं कुणी बसत नाही. सकाळी मी, बारानंतर काका. पहिल्या दिवशी त्यांनी मागे उभं राहून खाकरल्याबरोबर दोन माणसांनी वळून बघितलं आणि माझी बोटं आपोआप वेगाने चालायला लागली. आनंदाने रडूच यायचं बाकी होतं.

प्रोग्राम मुदतीच्या आत चालला. एकही गोष्ट न सांडता. मॅनेजरने पिप काढून घेतलं, तितक्याच गोड आवाजात, आणि कंपनीच्या पानावर टाकायला माझा एक फोटो काढवून घेतला. शेवाळ्यासमोर. जागेचा उत्साहावर कसा परिणाम होतो याचं उदाहरण म्हणून. मी दात दाखवून उभी राहिले. घरी येऊन नवऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, “मला म्हणायचं होतंस. मी राहिलो असतो उभा.” मी म्हटलं, तू बसून राहिला असतास, तेही माझ्याआधी. पण त्या रात्री मी खूप महिन्यांनी शांत झोपले, आणि झोपायच्या जागी.

काकांना फोन केला तर ते खूश झाले. मग म्हणाले, “म्हणजे आता तू यायची नाहीस.”

“ऑफिसात बसावं लागेल काका, आता.”

“बरोबर आहे, बरोबर आहे. मी आहे इथे. माझं पण चालू आहे.”

त्यांचं काही चालू नव्हतं. हे मला माहीत होतं आणि कामाच्या घाईत मी ते बघून न बघितल्यासारखं केलं होतं. एकदा छत्री विसरली म्हणून मी दुपारी परत गेले होते. काका टेबलाशी बसलेले, समोर त्याच चार ओळी, आणि ते झेरॉक्स मशीनच्या दिव्याकडे बघत होते. त्यांना कोण उठवणार होतं? बारानंतरचा सगळा दिवस त्यांचा होता, वाचनालय बंद होईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी ऑफिसातून निघाले, कुणाला काही न सांगता. वाचनालयात गेले. काका पाठमोरे बसले होते, इस्त्रीचा शर्ट, पट्टा. मी बॅग खांद्याला लावून त्यांच्या खुर्चीच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले आणि खाकरले.

ते दचकून वळले. “अगं! तुला टेबल पाहिजे?”

“हो. मी तीनला बसणार. तोवर तुमचं.”

“तुझं तर झालं ना काम?”

“नवीन निघालंय. तीनला उठायचं. मी थांबत नसते.”

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. पण एसटीत जागेसाठी भांडताना माणूस खरं बोलत नाही, आणि समोरचा ते खोटं पकडत नाही. ते वळले आणि चष्मा पुसून लिहायला लागले. मी आत जाऊन मासिकं चाळली, नवऱ्याला उशीर होईल म्हणून कळवलं, आणि तीनला परत येऊन मागे उभी राहिले.

“उठा, काका.”

काकांनी मान वळवली नाही. बोटं चालू होती. पडदा भरलेला होता, वरपासून खालपर्यंत, आणि कॉलेजचं ते वर्ष परत लिहिलं होतं, पहिल्या दोन नोकऱ्यांसकट.

“थांब,” ते म्हणाले. “आत्ता नको उठवू. होऊन राहिलं.”

मी थांबले. बॅग जड होती आणि मला कुठेही बसता आलं असतं, सगळ्या आरामखुर्च्या रिकाम्या होत्या. मी तिथेच, त्यांच्या मानेला कळेल इतकी जवळ, उभी राहिले.